दुनळी की पंप-ॲक्शन? झवेरी बाजारातल्या एका पेढीचं प्रकरण

झवेरी बाजारातल्या एका सराफी पेढीवर पाळी बदलताना गार्डच्या दुनळी बंदुकीतून बार उडाला. कोणी जखमी झालं नाही. छर्रे जिन्यावरच्या गिलाव्यात आणि एका सागवानी तुळईत रुतले. त्या तुळईच्या वरच्या मजल्यावर बंगाली कारागीर रांगेने जमिनीवर बसून काम करत होते. तुळई दोन हात बाजूला असती तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं, पोलिसांनी लिहिलं असतं.

पेढीने त्याच रात्री पोलिसांना कळवलं, पंचनामा झाला, बंदूक तपासणीला गेली आणि रीतसर परत आली. मालकांनी मात्र तोवर ठरवून टाकलं होतं, की ही जुनी दुनळी काढायची आणि 'पोलिसांकडे असते तशी' पंप-ॲक्शन, म्हणजे दस्ता मागे-पुढे सरकवून बार भरायची बंदूक, घ्यायची. कोणती घ्यावी, हे सांगायला त्यांनी मला बोलावलं. हत्यारं उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं यात माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे 'कोणती' या प्रश्नाच्या आधी 'कशाला' हा प्रश्न मला विचारावाच लागला. पेढी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत.

काय घडलं

बंदूक बारा बोअरची, दोन नळ्या शेजारी-शेजारी, बाहेर घोडा नसलेली देशी बनावटीची. परवाना पेढीच्या नावावर आणि दोन्ही गार्डांची नावं त्यावर रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने बंदूक बाळगणारे, म्हणून चढवलेली. कागद चोख होते. दिवसपाळीला साताऱ्याकडचे एक माजी सैनिक, त्यांना पेढीवर सगळे मामा म्हणतात. रात्रपाळीला चिपळूणचा एक तरुण, नोकरीत नवा.

रीत अशी होती, की पाळी संपली की मामांनी जिन्याच्या वळणावर उभं राहून बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची आणि रिकामी बंदूक मुलाच्या हातात द्यायची. मग मुलाने आपल्या पट्ट्यातली दोन काडतुसं भरायची. वळणावर एकच पिवळा दिवा. खालून गिऱ्हाइकांची ये-जा.

त्या संध्याकाळी मामांनी बंदूक उघडली आणि उजव्या नळीतलं काडतूस काढलं. डाव्या नळीतलं वर उचललंच गेलं नाही. दुनळी उघडली की एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी पट्टी काडतुसाच्या कडेला धरून त्याला अर्धा पेर वर ढकलते आणि मग बोटांनी ओढून घ्यायचं. इथे पट्टीची धार झिजून गोल झाली होती, ती काडतुसाच्या कडेवरून सटकली. त्याच वेळी मुलाने काहीतरी विचारलं, मामांनी उत्तर दिलं, काडतूस खिशात टाकलं आणि बंदूक मिटली. बंदूक उघडताना आतले घोडे आपोआप चढतात. स्प्रिंगवर रात्रभर ताण राहू नये म्हणून दोन्ही चाप ओढून मोकळे करायचे, ही त्यांची जुनी सवय. पहिला चाप ओढला, टक् आवाज आला. दुसरा ओढला आणि बार उडाला.

नळ्या वर छताकडे होत्या. फौजेत लागलेली ही एक सवय त्या दिवशी कामाला आली.

मी त्यांच्या पट्ट्यातली उरलेली काडतुसं टेबलावर मांडली. खडकीच्या कारखान्यातली, एल.जी. म्हणजे मोठ्या छर्‍यांची. माल मुळात चांगला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि तिथल्या बारा बोअरच्या काडतुसांवर या देशातल्या निम्म्या बँकांच्या दारावरचे गार्ड उभे असतात असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. पण ही काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात कित्येक पावसाळे काढून बसली होती. पितळी बूड हिरवं पडलेलं, चामड्यातल्या रसायनाने पितळेवर पापुद्रा धरलेला. चांगलं काडतूस रिकाम्या नळीत सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली जाऊन टप्पकन बसतं. यातली काही अर्ध्यावर अडकत होती, अंगठ्याने दाबून बसवावी लागत होती. दाबून बसवलेलं काडतूस झिजलेल्या पट्टीने बाहेर येणार नाही, हे उघड आहे.

मामांना मी विचारलं, "बसवताना जोर लागतो हे कधी लक्षात आलं नाही?" ते म्हणाले, "साहेब, जोर लागायचा. वाटलं, घट्ट बसलंय, चांगलंच आहे."

मालकांचं म्हणणं

पेढीचे मालक तरुण आहेत. त्यांच्या वडिलांना अण्णा म्हणतात, ते अजून रोज गादीवर येऊन बसतात. मालकांनी मोबाइलवर चित्रं दाखवली. काळी, आखूड नळीची, पिस्तुलासारखी मूठ असलेली पंप-ॲक्शन. त्यांचं म्हणणं तीन मुद्द्यांचं होतं. दुनळीत दोनच बार, पुढे काय? दुनळी जुनाट दिसते, धाक राहत नाही. आणि नवं हत्यार सुरक्षित असणारच.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १३ जुलै २०११ ला याच बाजारातल्या खाऊ गल्लीत स्फोट झाला तेव्हा बापलेक दोघं पेढीतच होते. त्याआधी २५ ऑगस्ट २००३ चा स्फोट, त्याआधी १२ मार्च १९९३. या गल्ल्यांत धंदा करणाऱ्या माणसाला आपल्या दारावर काहीतरी ठोस उभं असावं असं वाटलं तर त्यात नवल नाही. शिवाय २६/११ नंतर मुंबईत प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य बसलं, की सीएसटीवर पोलिसांच्या हातात .३०३ होत्या आणि समोर एके-४७. तेव्हापासून 'जुनं हत्यार म्हणजे मरण' असा समज पक्का झाला आहे. रायफलीच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. दारावरच्या गार्डच्या बंदुकीला तोच नियम लावता येतो का, हे तपासायचं तर पंप-ॲक्शनने आजवर कुठे, कोणाच्या हातात आणि कोणत्या अवस्थेत काम केलं ते पाहावं लागतं.

ही बंदूक सेवेत कशी आली

पंप-ॲक्शनची रचना थोडक्यात अशी. नळीच्या खाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात. डाव्या हाताखालचा सरकता दस्ता मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, जातं. प्रत्येक बारामागे हाताने एक पूर्ण फेरी. ही फेरी अर्धवट झाली की बंदूक अडकते.

लष्करात तिचं नाव केलं ते जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरच्या विंचेस्टर १८९७ ने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने तिची खंदकासाठीची आवृत्ती काढली. २० इंची नळी, तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून भोकांची पत्र्याची जाळी आणि पुढे लांब संगीन लावायची सोय. काडतुसात सुमारे .३३ इंचाचे नऊ छर्रे. या बंदुकीत चाप दाबून धरला आणि दस्ता नुसता मागे-पुढे केला तरी प्रत्येक फेरीला बार उडत असे, कारण चापाला मध्येच तोडणारा भागच तिच्यात नव्हता. खंदकाच्या वळणावर समोरासमोर आलेल्या शत्रूसाठी हे भयंकर ठरलं. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने राजनैतिक निषेध नोंदवला, की हे शस्त्र युद्धाचे नियम ठरवणाऱ्या हेग कराराच्या विरुद्ध आहे आणि ते बाळगणाऱ्या कैद्यांना जिवाला मुकावं लागेल. अमेरिकेने तो फेटाळला आणि उलट इशारा दिला.

आमच्या प्रकरणाला लागू पडते ती या कथेची दुसरी बाजू. त्या काळची काडतुसं कागदी आवरणाची होती. खंदकातल्या ओलीने ती फुगत आणि चेंबरमध्ये अडकत. उपाय म्हणून पूर्ण पितळी काडतुसं करावी लागली. म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली लष्करी पंप-ॲक्शनसुद्धा ओल्या काडतुसापुढे हतबल झाली होती. झवेरी बाजारातल्या जिन्यावर अडकलेल्या काडतुसाचं दुखणंही तेच, फक्त ओल मुंबईच्या पावसाची. आणि इथे एक फरक आहे. दुनळीत काडतूस बसवताना अंगठ्याला जोर कळतो. पंपमध्ये तो जोर दस्ता सोसतो, माणसाला कळेपर्यंत काडतूस आत घुसून बसलेलं असतं.

पुढची पिढी १९३७ च्या इथाका ३७ ची. हिला काडतूस भरायचं आणि बाहेर टाकायचं तोंड एकच, खालच्या बाजूला. त्यामुळे आत घाण कमी जाते आणि डावखुऱ्या माणसाच्या तोंडावर काडतूस उडत नाही. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ती वर्षानुवर्षं वापरली. व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाच्या सील पथकांनी हिच्या नळीला बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड बसवलं, म्हणजे छर्रे उभे न पसरता आडवे पसरतात. झुडपातल्या पायवाटेवर दबा धरून बसलेल्यांसाठी ही युक्ती. पायवाटेवर जे हवं तेच गल्लीत नको असतं. गिऱ्हाइकांनी भरलेल्या गल्लीत आडवे पसरणारे छर्रे म्हणजे काय, याची कल्पनाही नको.

मग १९५० ची रेमिंग्टन ८७०. पोलिसांची पंप-ॲक्शन म्हणजे जगभर बहुतेक हीच डोळ्यांसमोर येते. दस्त्यापासून बोल्टपर्यंत, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्यापर्यंत, जाणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या, त्यामुळे दस्ता वाकडा ओढला तरी अडकत नाही. आणि प्रत्येक बाराला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, नुसत्या दस्त्याने बार उडत नाही. अमेरिकी मरीन कोअरने हिची मार्क १ ही आवृत्ती घेतली. ब्रिटिश सैन्याने दरवाजे फोडण्यासाठी हीच घेतली आणि तिला एल७४ए१ म्हटलं. २००९ पर्यंत एक कोटी बंदुका विकल्या गेल्या. इतक्या गाजलेल्या यंत्रातही एक खोट होती. नळीतलं काडतूस वेळेआधी सुटून उचलपट्टीच्या (काडतूस चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीच्या) वर, बोल्टच्या खाली शिरलं तर बंदूक पूर्ण जाम व्हायची, आणि ती मोकळी करणं साध्या माणसाच्या हातचं नसायचं. १९८० च्या दशकात उचलपट्टीला लवचीक जीभ देऊन त्यांनी यावर उपाय केला.

तिची प्रतिस्पर्धी मॉसबर्ग ५००, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. हिची उचलपट्टी वर राहते, त्यामुळे वरची खोट हिच्यात नाही. सेफ्टीचा खटका मुठीच्या पुढे, वरच्या बाजूला, अंगठ्याखाली; बंदूक उलटी-सुलटी न करता दिसतो. लष्करासाठी केलेल्या ५९०ए१ मध्ये जाड नळी, प्लॅस्टिकऐवजी धातूचा चापरक्षक आणि धातूची सेफ्टी. अमेरिकी लष्कराच्या ३,००० बारांच्या सहनशक्ती चाचणीतून ती पास झाली.

आता पोलिसांकडे वळू. अमेरिकी गस्तीच्या गाडीत ही बंदूक अनेक दशकं ठेवली गेली, पण चेंबरमध्ये काडतूस ठेवत नसत. खालची नळी भरलेली, चेंबर रिकामं, घोडा पडलेला. वेळ आली की एक फेरी मारायची आणि मगच बार तयार. कारण ही बंदूक पडली, आपटली, गाडीत कोणी घाईने ओढली तरी चेंबरमध्ये काही नसावं. या एका रिवाजामुळे पंप-ॲक्शन गाडीत ठेवण्याजोगी ठरली. पुढे २८ फेब्रुवारी १९९७ ला नॉर्थ हॉलिवूडच्या बँकेवर चिलखत घातलेल्या दोघांनी दरोडा घातला. पोलिसांची पिस्तुलं आणि शॉटगन त्या चिलखतापुढे निष्प्रभ ठरल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत रायफली आल्या, पंप-ॲक्शन मागे सरकली. आता बऱ्याच ठिकाणी तिचं काम म्हणजे कापडी पिशवीतले छर्रे मारून माणसाला न मारता पाडणं. आणि त्यासाठी तिचा दस्ता हिरवा किंवा नारिंगी रंगवलेला असतो, म्हणजे घाईत कोणी खरी काडतुसं तिच्यात भरणार नाही. बंदुकीत काय आहे हे लांबून दिसलं पाहिजे, या विचाराने केलेला हा बदल मला सगळ्या आवृत्त्यांमध्ये सर्वात शहाणा वाटतो.

आपल्याकडची परंपरा वेगळी. इंग्रजांनी पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी इशापूरला .३०३ रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून एकबारी .४१० मस्केट केल्या. मुद्दाम कमजोर, म्हणजे जमावाने हिसकावली तरी फार नुकसान होऊ नये. शिपायावर आणि जनतेवर सारखाच अविश्वास असलेल्या राजवटीचं हे हत्यार. स्वतंत्र भारतात पंप-ॲक्शनचा सर्वात मोठा वापर झाला तो काश्मीरमध्ये, २०१० पासून, जमाव पांगवण्यासाठी बारीक छर्‍यांची काडतुसं भरून. ८ जुलै २०१६ ला अतिरेकी बुरहान वानी मारला गेला, त्यानंतरच्या ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडले गेले, असं सीआरपीएफने उच्च न्यायालयात सांगितलं. शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्या, त्यात मुलंही होती. त्यानंतर नळीच्या तोंडाला छर्रे खाली वळवणारी पट्टी लावण्याचे प्रयत्न झाले. प्राणघातक नाही म्हणून आणलेलं हत्यार गर्दीत काय करतं, हे पाहायला आणखी पुरावा नको.

गल्लीचं माप

मालकांना मी पेढीच्या दारात उभं केलं. समोरचं दुकान सहा-सात पावलांवर. साध्या नळीतून निघालेले मोठे छर्रे साधारण प्रत्येक यार्डाला एक इंच पसरतात. म्हणजे समोरच्या दुकानापर्यंत टिचभर, एका माणसाच्या छातीत मावतील एवढेच. पण चोर गल्लीच्या तोंडाकडे पळाला आणि पंचवीस-तीस यार्डांवर बार केला, तर पसारा दोन-अडीच फूट. त्यातला एखादा छर्रा पळणाऱ्याला लागेल, बाकीचे हातगाडीवाल्याला, चहावाल्या पोराला, साडीच्या दुकानाबाहेर उभ्या बाईला. दुनळीत असे दोन बार आहेत. पंपमध्ये पाच-सहा.

"मग जास्त बार म्हणजे जास्त जबाबदारी," अण्णा गादीवरून म्हणाले. ते तोवर काही बोलले नव्हते.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या शस्त्र नियमांत गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांपेक्षा आखूड असेल तर ती प्रतिबंधित वर्गात जाते. मोबाइलमधली १४ किंवा १८ इंची नळी खासगी परवान्यावर मिळणार नाही; विकत घेऊन कापून घेऊ, असं कोणी सुचवलं तर तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी बंदुकीची आयात सामान्य परवानाधारकाला बंद आहे. राहते ती २० इंची किंवा लांब नळीची देशी पंप-ॲक्शन, आणि तिच्यासाठी मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे परवान्यात नोंद.

गार्डांच्या हातात

कागदावर तोलण्यापेक्षा हातात देऊन पाहावं म्हणून परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या देखरेखीखाली, डमी काडतुसं घेऊन बसलो. खरं काडतूस खोलीत नव्हतं. पंप-ॲक्शन दोघांनाही दाखवली, सगळी फेरी समजावली, मग भरायला आणि रिकामी करायला सांगितलं.

भरणं दोघांनाही पटकन जमलं. फेरी मारताना मुलगा दस्ता पूर्ण मागे नेत नव्हता. तीन-चतुर्थांशावर थांबून पुढे ढकलायचा आणि डमी वाकडं अडकायचं. हे सरावाने जातं. मामांची अडचण वेगळी. घोडा चढलेला असला की दस्ता कुलूपबंद होतो, तो सोडायला चापाजवळची छोटी कळ दाबावी लागते. घाईत ती कळ त्यांच्या बोटाला सापडत नव्हती, मग ते दस्ता जोराने ओढत. ज्याला बंदूक उघडायची सवय पन्नाशीपर्यंत एकाच पद्धतीची पडली आहे त्याला हे होणारच.

खरी गोष्ट रिकामी करताना दिसली. मुलाने फेऱ्या मारल्या, डमी एकेक टेबलावर पडत गेली. पडायची थांबली, तेव्हा तो म्हणाला, "खाली झाली, साहेब." मी त्याला दस्ता अर्धा मागे धरायला सांगितलं आणि खालच्या तोंडातून बोट घालायला लावलं. बोटाला डमीचं गोल बूड लागलं. शेवटची फेरी अर्धवट मारल्याने एक डमी नळीतून सुटून उचलपट्टीवर येऊन बसली होती. चेंबरमध्ये डोकावून पाहिलं तर चेंबर रिकामंच दिसत होतं. त्याने दस्ता पुढे ढकलला असता तर ती डमी चेंबरमध्ये गेली असती, आणि मग मामांच्या सवयीने कोणी चाप ओढला असता तर तोच जिना, तीच तुळई.

मुलाचा चेहरा उतरला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही न बोलता स्वतः बंदूक हातात घेऊन पुन्हा सुरुवातीपासून रिकामी करून पाहिली, बोट घालून.

माझा निष्कर्ष इथे पक्का झाला. पेढीवरच्या गार्डची बंदूक बार करायला क्वचितच वापरली जाते. ती वापरली जाते भरायला आणि रिकामी करायला, रोज, दोन पाळ्यांत, कंटाळवाण्या वेळी. या कामात दुनळीचा एक गुण पंप-ॲक्शनकडे नाही. दुनळी मोडली की दोन्ही चेंबर उघडे पडतात, तीन हातांवरच्या माणसालाही दिसतात, आणि मोडलेली बंदूक उडूच शकत नाही. पंपमध्ये काडतूस तीन ठिकाणी लपू शकतं: चेंबरमध्ये, उचलपट्टीवर, खालच्या नळीत. खंदकातल्या सैनिकाला, गस्तीतल्या पोलिसाला हे शिकवणारी संस्था होती, रोजची कवायत होती, शस्त्रागारात तपासणारा आर्मरर होता. पेढीवर यातलं काही नाही. हत्यार आणायचं आणि कवायत मागे ठेवायची, ही मला मान्य नसलेली गोष्ट आहे, आणि मालकांनाही मी ती याच शब्दांत सांगितली.

काय ठरलं

दुनळी ठेवायची. एक्स्ट्रॅक्टर नवा बसवून घेतला, दोन्ही चेंबर साफ करून घेतले. जुनी सगळी काडतुसं परवानाधारक विक्रेत्यामार्फत निकालात काढली. नवी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवायची नाहीत. बंदुकीबरोबर लागतील तेवढीच बाहेर, बाकी हवाबंद डब्यात. दर वर्षी मेच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी, प्रत्येक काडतूस रिकाम्या नळीत सोडून पाहायचं. स्वतःच्या वजनाने बसलं नाही की बाद.

पाळीबदल जिन्यावरून हलवून मागच्या खोलीत नेला. तिथे वाळूने भरलेलं एक पिंप तिरपं बसवलं, भरताना आणि रिकामी करताना नळ्या त्यातच. वर स्वच्छ पांढरा दिवा. रिकामी करणाऱ्याने बंदूक मोडायची, दोन्ही चेंबरमध्ये करंगळी घालायची, मग मोडलेली बंदूक घेणाऱ्याला दाखवायची. त्यानेही करंगळी घालायची. काढलेली काडतुसं टेबलावर मांडून मोजायची, खिशात नाही. त्या वेळी दोघांशी कोणी बोलायचं नाही, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. स्प्रिंग मोकळी करायची मामांची सवय मी मोडली नाही, पण चाप आता फक्त डमी काडतुसांवर आणि पिंपातच ओढायचे. वहीत दोघांच्या सह्या.

दोन बार पुरतील का, या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर मी बंदुकीत शोधलं नाही. दाराला आतून उघडणारं दुहेरी जाळीचं फाटक, तिजोरीखोलीत पॅनिक बटण, संध्याकाळी रोकड हलवण्याची वेळ रोज बदलणं. दोन गार्डांना वर्षातून एकदा चांदमारीवर नेऊन खरा सराव. या खर्चाची बेरीज एका नव्या बंदुकीपेक्षा जास्त झाली आणि मालकांनी ती केली, हे त्यांच्या पदरात टाकतो.

एका बाबतीत आमचं जमलं नाही. तिजोरीखोलीच्या आत, जिथे गिऱ्हाईक येत नाही, तिथे पुढेमागे एक २० इंची पंप-ॲक्शन असावी, असं मालकांना अजूनही वाटतं. मी विरोध केला नाही, अटी घातल्या. चेंबर कायम रिकामं. पाळीबदलात ती बंदूक हलवायची नाही, ती खोलीतच बंद कपाटात राहील, म्हणजे रोज भरणं-रिकामी करणं टळेल. आणि ती फक्त ज्याने डमीवर फेरी, कळ आणि रिकामी करणं न चुकता दाखवलं, त्याच्याच नावाने परवान्यावर. चिपळूणच्या मुलाने त्यासाठी सराव सुरू केला आहे. मामांनी स्वतःहून सांगितलं, "माझं नाव त्यावर नको. मला दुनळीच बरी."